रानातला पाहुणचार

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत माझ्या हातून एक चूक झाली. ती आधी सांगून टाकतो; म्हणजे पुढे जे लिहिणार आहे ते मी कोणत्या तोंडाने लिहितो, हे वाचकांना कळेल.

माझा गायनाचा वर्ग निपाणीला आहे, तंबाखूच्या वखारीशेजारच्या एका माडीवर. आठवड्यातले दोन दिवस शिकवणीसाठी बेळगावला जातो. तिथल्या एका विद्यार्थ्याच्या ओळखीने निरोप आला, की खानापूर तालुक्याच्या पश्चिमेस, रानाच्या अगदी कडेला, एक नवे लॉज झाले आहे आणि सुटीत येणाऱ्या पाहुण्यांपुढे एका संध्याकाळी गायचे आहे. बिदागी माझ्या नेहमीच्या बिदागीच्या अडीचपट होती. गेलो. फाटकावरच मोठी पाटी : ‘पर्यावरणस्नेही’. खोलीतल्या टेबलावर छापील चिठ्ठी, की टॉवेल रोज धुवायला टाकू नयेत, त्याने पाणी वाचते. पिण्याच्या पाण्याची बाटली काचेची, दात घासायचा ब्रश बांबूचा, पायवाटेला सौरदिवे. मला मनापासून बरे वाटले. शहरातला माणूस रानात येऊन निदान इतके तरी पाळतो, असे वाटले.

संध्याकाळी अंगणात गेलो तर दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीचे कर्णे उभे केलेले. आवाज जरा कमी करा, असे मी एकदा सांगून पाहिले. पाहुणे लांब लांब बसतात, त्यांना ऐकू जात नाही, असे उत्तर आले. मी दुसऱ्यांदा सांगितले नाही. मारुबिहाग झाला, बागेश्री झाला, मग फर्माइशींची नाट्यपदे निघाली, आणि उठलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. रात्री दहानंतर उघड्यावर कर्णा लावू नये असा देशाचा कायदा २००० सालापासून आहे आणि तो गवयांना चांगला ठाऊक असतो. शहरात आम्ही पोलिसांच्या भीतीने तो पाळतो. रानात पोलीस नव्हते.

सकाळी चहा घेऊन एक म्हातारा आला. जवळच्याच वाडीतला होता. चहा ठेवून तो तसाच उभा राहिला.

“मास्तर, गाणं बरं झालं तुमचं. वाडीपातुर ऐकू येत हुतं.”

मी खूश झालो. म्हटले, “म्हणजे तुम्हीही ऐकलंत तर!”

“ऐकलं की. रातभर जागलीला बसलोव ना. असला आवाज उठला की गवा खालच्या अंगाला सरकतो. खाली आमची नाचणी.”

“गेली?”

“अर्धी गेली.”

ह्यावर काय बोलावे ते मला सुचेना. मी विचारले, कर्णे नसते तर? तो म्हणाला, “नुसत्या गळ्याचं असतं तर काय नव्हतं. भजन आमीबी म्हणतो.” मग आणखी चार गोष्टी निघाल्या. लॉजवर वाडीतली किती माणसे आहेत? भांड्याला दोन, बागेला एक. बाकीची शहरातून येतात. पाणी कुठून घेतात? तीन ठिकाणी बोअर मारल्या आहेत. टॉवेल वाचवून वाचलेले पाणी आणि तीन बोअरनी उपसलेले पाणी ह्यांचा हिशेब मला काही जमला नाही. बिदागीचे पाकीट मी घेऊन आलो, आणि त्यातून वर्गातल्या पेटीचा भाता दुरुस्त करून घेतला. तो अजून वाजतो आहे.

माझे तीर्थरूप वयाच्या सोळाव्या वर्षी, आजोबांच्या मागे तंबोऱ्यावर बसता बसता, कोल्हापूर दरबारच्या हजेरीपटावर चढले. दोन-तीन वर्षांनी, १९४९ च्या मार्चमध्ये, संस्थानच विलीन झाले. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. त्यामुळे दरबार मी पाहिला नाही, ऐकला मात्र पुष्कळ. दाजीपूरच्या रानात शिकारीचा तळ पडे तेव्हा गवयांनाही बरोबर नेत असत. परंतु तळावर एक दंडक होता, असे तीर्थरूप सांगत. दिवस मावळल्यावर तळाच्या कडेला वाद्य जुळवायचे नाही. जुळवायचे तर मधल्या तंबूत, कनाती सोडून. मोठा दिवा उघड्यावर ठेवायचा नाही. पाणवठ्याच्या वाटेवर घोडा बांधायचा नाही. नवखा कोणी चुकला तर शिकारखान्याचा म्हातारा मुकादम हुजुरांच्या देखत त्याला झापत असे. सारा बंदोबस्त जनावर मारण्यासाठी होता, ह्याबद्दल माझ्या मनात भ्रम नाही; पण जनावराला काय ऐकू जाते आणि काय दिसते, हे तळावरच्या प्रत्येकाला ठाऊक असावे लागे. आज आपण जनावर पाहायला जातो, त्याच्या रक्षणाच्या पाट्या लावतो, आणि तेवढे ज्ञान मात्र आपल्यापाशी उरलेले नाही. दाजीपूरचे ते रान १९५८ पासून अभयारण्य आहे. म्हैसूरच्या महाराजांच्या काबिनीकाठच्या शिकारगृहात आता कर्नाटक सरकारच्या कंपनीचे लॉज चालते. शिकारी गेले, पाहुणे आले. मुकादमाच्या जागी कोणी आले की नाही, हा माझा प्रश्न आहे.

त्या दिवाळीनंतर मी ह्या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. रानातल्या लॉजांनी कसे वागावे ह्याचे लेखी निकष जगात आहेत आणि ते चांगले आहेत. जागतिक शाश्वत पर्यटन परिषद नावाची एक संस्था आहे. तिच्या निकषांचे चार भाग आहेत : कारभार, स्थानिकांचे अर्थकारण, संस्कृती आणि पर्यावरण. टॉवेल आणि दिवे हे त्यातल्या चौथ्या भागाचे एक टोक. त्याच भागात आवाजाचाही उल्लेख आहे, रात्रीच्या उजेडाचाही आहे. आपल्या केंद्र सरकारच्या पर्यटन खात्यानेही २०१४ मध्ये भारतापुरते असे निकष काढले. ते पाळणे ऐच्छिक. म्हणजे कागदाची वाण नाही. आमच्याकडची गोम अशी, की पाटी ज्याने रंगवायची त्यानेच ती स्वतःला द्यायची. संगीताच्या परीक्षेत विद्यार्थ्याने स्वतःच परीक्षक होऊन स्वतःला विशारद ठरवावे, तशातलाच प्रकार. निकषांपैकी जे स्वस्त आणि पाहुण्याच्या नजरेत भरणारे, तेवढे उचलले जातात. शेजारच्या वाडीला काय ऐकू गेले, हे पाहुण्याला दिसत नाही, म्हणून ते यादीत येत नाही.

ह्या गोष्टीचा विचार सर्वांत जास्त झाला तो आफ्रिकेत, कारण तिथे सफारी हा मोठा धंदा आहे. केनियात २००२ पासून लॉजांची तपासणी होऊन त्यांना कांस्य, रौप्य, सुवर्ण अशा पायऱ्या मिळतात. पण मला त्याहून मोलाची वाटली ती मसाई मारा ह्या प्रसिद्ध राखीव रानाला लागून असलेल्या जमिनींची व्यवस्था. ह्या जमिनी मसाई गुराख्यांच्या नावावर आहेत. अनेक कुटुंबांनी आपापले तुकडे एकत्र केले आणि लॉजवाल्यांना भाड्याने दिले. भाडे थेट कुटुंबाकडे जाते, आणि किती एकरांमागे किती तंबू ठोकायचे ते करारातच बांधलेले असते. लॉजवाला तिथे कुळ आहे आणि गुराखी मालक आहे. सगळे सोन्यासारखे आहे असे मात्र समजू नये. गुरे कुठे चारायची ह्यावर बंधने येतात आणि त्यावरून कुरबुरी होतात. २०२० च्या साथीत पाहुणे थांबले तेव्हा भाड्याचीही ओढाताण झाली. आणि २०२५ मध्ये त्याच मसाई मारात नदीकाठी एक अतिमहाग छावणी उघडली, तेव्हा ती जनावरांच्या वाटेवर उभी आहे असे म्हणून एका मसाई कार्यकर्त्याने कोर्टात दावा लावला होता. त्यांच्याकडेही चुका होतात. परंतु दावा लावणारा त्याच रानातला माणूस होता, ह्या गोष्टीवर मी थोडा वेळ थांबलो.

आफ्रिका म्हटले की आपल्याला फार दूरची वाटते. करवीरकरांना तशी वाटायचे कारण नाही. १९१८ ते १९४५ ह्या काळात, इथले चित्ते संपत आले म्हणून, आपल्या संस्थानिकांनी आफ्रिकेतून चित्ते आणवले, आणि त्यांत कोल्हापूर पुढे होते. जुन्या घरांतल्या मंडळींनी डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या चित्त्यांच्या आणि काळविटांच्या शिकारीच्या गोष्टी आजा-पणजांकडून ऐकल्या असतील. देशात चित्ता नामशेष झाल्याचे १९५२ मध्ये जाहीर झाले. मग ७० वर्षांनी, १७ सप्टेंबर २०२२ रोजी, नामिबियातून ८ चित्ते विमानाने आणून मध्य प्रदेशातल्या कुनो येथे सोडले. पुढच्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेतून आणखी १२ आले. वर्तमानपत्रांचे रकाने भरले.

ह्याच नामिबियाने १९९६ मध्ये एक कायदा केला. सामाईक जमिनीवर राहणाऱ्या लोकांनी एकत्र येऊन आपल्या रानाची नोंदणी करावी, म्हणजे त्या रानातल्या वन्यजीवांवर आणि तिथल्या पर्यटनावर त्यांचा हक्क राहील, असा त्याचा आशय. लॉज काढायचे तर त्या मंडळींशी करार करायचा. उत्पन्नात त्यांचा वाटा, नोकऱ्यांत त्यांची माणसे. चित्त्याबरोबर हाही कायदा कोणी समजून घेऊन यायला हवे होते. चित्ता पिंजऱ्यात घालून आणता येतो, हे सोपे झाले.

आपल्याकडे कायदाच नाही असेही नव्हे. २००६ चा वनहक्क कायदा आहे, त्यात ग्रामसभेला स्थान आहे. व्याघ्रप्रकल्पांतल्या पर्यटनासाठी २०१२ पासून नियम आहेत : गाभ्याच्या रानाचा पाचव्या हिश्शाहून अधिक भाग पाहुण्यांसाठी उघडायचा नाही, तिथे नवी बांधकामे करायची नाहीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ह्याच्याही पुढे जाऊन व्याघ्रप्रकल्पांतली रात्रीची सफारी बंद करायला सांगितली, गाभ्याच्या पर्यटनक्षेत्रात मोबाइल वापरायला मनाई केली आणि मोठ्या रिसॉर्टांपेक्षा गावकऱ्यांच्या घरगुती मुक्कामांना उत्तेजन द्यावे असे म्हटले. हे वाचून मला आनंद झाला. पण हे सारे व्याघ्रप्रकल्पांसाठी. आमच्या बाजूला दांडेलीचे काळी रान व्याघ्रप्रकल्प आहे, त्याला ते लागू. त्याच्या उत्तरेचे भीमगड हे नुसते अभयारण्य आहे. वाघ मात्र दोन्हींकडे तोच फिरतो.

आता भीमगडाविषयी. खानापूर तालुक्यातले हे सुमारे १९० चौरस किलोमीटरचे रान २०११ च्या डिसेंबरमध्ये अभयारण्य झाले. म्हादई इथेच उगम पावते. बारापेडे येथे चुनखडीच्या गुहा आहेत, आणि त्यांत राउटन ह्या साहेबाच्या नावाने ओळखले जाणारे एक मोठ्या कानांचे वटवाघूळ राहते. शास्त्रज्ञांनी १९१३ मध्ये त्याचे वर्णन केले आणि पुढे कित्येक दशके साऱ्या जगात त्याचे हे एकच घर ठाऊक होते; मेघालयात आणि कंबोडियात ते सापडले ते अगदी अलीकडे. वटवाघूळ स्वतः आवाज सोडते, तो कीटकावर आदळून परत येतो, त्यावरून त्याला आपले भक्ष्य कळते. कानावर पोट भरणारा हा जीव. मी गाणारा माणूस आहे. आमचेही पोट कानावरच. अशा रानाच्या अंगणात पुरुषभर उंचीचे कर्णे लावून मी बागेश्री आळवला.

ह्याच रानात गवळी, पास्तोली, तळेवाडी, देगाव, कृष्णापूर, आमगाव, कोंगळा अशी मराठी बोलणारी गावे पिढ्यान्‌पिढ्या वसलेली आहेत. अभयारण्य झाले म्हणून रस्ता पक्का करता येत नाही, पूल बांधता येत नाही. २०२४ च्या पावसाळ्यात आमगावच्या एका आजारी बाईला गावकऱ्यांनी लाकडाची डोली करून, चिखलातून, ओढे ओलांडून, खांद्यावर काही किलोमीटर आणले. ते चित्र साऱ्या कर्नाटकाने पाहिले. त्यानंतर स्थलांतराच्या हालचालींना वेग आला. २०२५ च्या मे महिन्यात तळेवाडीच्या २७ कुटुंबांना गाव सोडण्यासाठी प्रत्येकी १५ लाख रुपयांपैकी १० लाखांचा पहिला हप्ता मिळाला. हे स्थलांतर स्वखुशीचे आहे असे सरकार म्हणते. ते खोटे आहे असे मी म्हणणार नाही. दवाखाना नाही, शाळा नाही, पावसाळ्याचे चार महिने वाट नाही, अशा जागी तरुण पोराने का राहावे? रानाच्या कडेला राहून, विजेच्या पंख्याखाली बसून, त्याला ‘रान सोडू नकोस’ असे सांगण्याचा अधिकार मला नाही.

मला खुपते ते निराळेच आहे. रानात माणूस नको, असे आपण एका तोंडाने म्हणतो. त्याच वेळी त्याच रानाच्या कडेला पाहुण्यांसाठी खोल्या उठतात, रस्ते गुळगुळीत होतात, रात्री दिवे लागतात. रस्त्याने जनावराला त्रास होतो हे खरे असेल, तर तो डोलीवाल्यांच्या रस्त्याने होतो आणि मोटारवाल्यांच्या रस्त्याने होत नाही, असे कसे? जो माणूस पिढ्यान्‌पिढ्या जागलीला बसून गव्याशी भांडत, पण त्याच्याबरोबरच राहिला, त्याने उठून जायचे. आणि जो दोन रात्रींसाठी येतो त्याच्यासाठी बांबूचा ब्रश.

काही मित्र म्हणतात, लॉज नको म्हणालास तर वाडीतल्या त्या तिघांचे काम जाईल. खरे आहे. लॉज नको असे मी म्हणतही नाही. पाहुणे आले नाहीत तर रानाची बाजू घेणारे लोकही उरणार नाहीत. म्हादईचे पाणी वळवण्याच्या वादात रानाबद्दल बोलणारे जे थोडे आहेत, त्यांतले बरेचसे कधीतरी पाहुणे म्हणूनच तिथे गेले होते. माझे म्हणणे एवढेच, की ‘पर्यावरणस्नेही’ ही पाटी लावण्याचा अधिकार लॉजकडून काढून शेजारच्या वाडीकडे द्यावा. वर्षातून एकदा वाडीच्या बैठकीत विचारावे : झऱ्याला पाणी किती राहिले, रात्री किती आवाज आला, जनावर कुठल्या अंगाला सरकले, कामावर कोण आहे, भाड्याचा वाटा मिळाला का. वाडीने होकार दिला तर पाटी राहील, नाहीतर उतरेल. अधिकाऱ्याला बोअर दाखवली नाही तर चालून जाते. ज्याचा झरा आटतो त्याच्यापासून ती लपत नाही. आमच्या गाण्याच्या दुनियेत नाही का, नवा गवई किती तयार आहे हे जाहिरातीवर ठरत नाही. मागे तंबोऱ्यावर बसलेल्याला विचारावे लागते.

आणि आवाजाबद्दल मी हट्टी आहे, ते माझ्या धंद्यामुळे असेल. दिवस मावळल्यावर रानाच्या कडेला कर्णा नको, एवढा एक नियम तरी उद्यापासून पाळता येण्यासारखा आहे. त्याला एक पैसा खर्च नाही, उलट भाडे वाचते.

ह्या वर्षीही त्या लॉजचे पत्र आले आहे. मी उत्तर पाठवले : येतो, पण माइक नाही, कर्णा नाही, तंबोरा, तबला आणि गळा. बैठक घरात, रात्री नऊच्या आत संपेल, आणि वाडीतली मंडळी पाहुण्यांच्या बरोबरीने सतरंजीवर बसतील. त्यांचे भजन आधी, मग माझे गाणे. बिदागी निम्मी चालेल, उरलेली निम्मी नाचणीच्या नुकसानीपोटी त्या म्हाताऱ्याला द्यावी.

व्यवस्थापकांचा फोन आला होता. गृहस्थ सज्जन आहेत. म्हणाले, “मास्तर, बाकी सगळं जमवू, पण माइक नसेल तर मागच्या पाहुण्यांना ऐकू कसं जायचं?” मी म्हटले, त्यांना पुढे येऊन बसायला सांगा. विचारून कळवतो म्हणाले. अजून कळवलेले नाही.